लातूरची शिलाई

अप्पा, परवा गुरुजींची मुलगी घरी येऊन गेली. तुमचे गुरुजी, उमापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन बीडला आलेले, रोज दुपारी आपल्या अडतीच्या गादीवर बसून तुमचं वर्तमानपत्र तुमच्याआधी वाचून काढणारे. त्यांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलीनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले तेलगिरणीचे शेअर काढले, माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "ताई, ह्याचं काही येतं का बघा ना. घर आवरताना सापडले. तुमी तिथंच नोकरीला होतात न्हवं?" मी चष्मा लावला आणि उगाच कागद उलटेपालटे करत बसले. त्याचं काही येत नाही हे मला त्या कागदांकडे न बघताही माहीत होतं. मग वडिलांच्या आठवणीनं ती सहज बोलून गेली, "आमचे दादा म्हणायचे, तुमच्या अप्पांनी टाकले म्हणून आमी टाकले. पण मग अप्पांनी काय बघून टाकले असतील हो?" मी म्हणाले, "माल बघून." आणि चहा ठेवायला आत गेले. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, एवढ्या मोठ्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, आणि तिच्या चहात साखर दोनदा घातली. ती गेल्यावर ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं. तुम्हालाच लिहायचं, कारण यातलं अर्धं तुम्हाला माहीत होतं आणि अर्धं नव्हतं.

तुम्हाला आठवतं का, त्या वर्षांत मोंढ्यात, आपल्या धान्यबाजारात, काय हवा होती. ज्यांना तुरीच्या आणि करडीच्या भावापलीकडं काही ठाऊक नव्हतं ते चहाच्या टपरीवर उभे राहून शेअरचे भाव बोलायचे. औरंगाबादहून कुणीतरी फॉर्मचे गठ्ठे आणायचा आणि तासाभरात ते संपायचे. ज्या कंपनीचं नाव धड उच्चारता येत नाही तिच्यात पैसे टाकलेले लोक बघून तुम्ही हसायचात. पण बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेवर सूर्यफुलाच्या तेलाची गिरणी उभी राहिली, तेव्हा तुम्ही पहिल्या झटक्यात शेअर घेतले. ही कंपनी डोळ्यांनी दिसते, असं तुमचं म्हणणं. धुराडं दिसतं, पेंडीचा वास येतो, आपल्या मोंढ्यातलं बी तिथं जातं. गिरणी काढणारे गृहस्थ मोठ्या शहरातली नोकरी सोडून आले होते. सगळं बीड त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणायचं. त्यांनीच मला लॅबमध्ये घेतलं. बी.एस्सी. झालेली, लग्न न ठरलेली मुलगी, आणि पुरुषांनी भरलेली गिरणी. नातेवाइकांनी नाकं मुरडली तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात, "तिथं तिला टेबल-खुर्ची हाय, तुमच्या घरात काय हाय?" मी दाराआडून ऐकलं होतं. त्या वाक्याच्या जोरावर मी दोन वर्षं मान ताठ ठेवून एस.टी.तून गिरणीवर गेले.

माझं काम सोपं होतं. आलेल्या पोत्यांच्या प्रत्येक थप्पीतून मूठभर बी काढायचं, त्यात तेल किती, ओल किती ते तपासायचं आणि चिठ्ठी लिहून थप्पीला बांधायची. मग बाहेरच्या देशांतून पामतेल येऊ लागलं. ते इतकं स्वस्त होतं की आमचं तेल डब्यात भरून ठेवलं तरी कुणी उचलेना. आधी रात्रपाळी बंद झाली, मग आठवड्यातून तीनच दिवस धुराडं पेटायला लागलं. रिकामी गोदामं बघवत नव्हती म्हणून की भाडं मिळतं म्हणून, कोण जाणे, इंजिनिअरसाहेबांनी लातूरच्या एका व्यापाऱ्याला एक मोठं गोदाम भाड्यानं दिलं. त्याचं बी येऊन पडलं. छान, टपोरं, काळंभोर बी. त्याच्या पोत्यांवर त्याच्या नावाची पत्र्याची बिल्ली टांगलेली असायची. आम्ही त्या बियांना हात लावत नव्हतो, ते आमचं नव्हतंच.

त्याच सुमारास साहेबांनी ठरवलं की नवे शेअर काढायचे आणि ते मोंढ्यातल्या ओळखीच्या चार-पाच जणांना द्यायचे. तेवढ्या पैशात एक हंगामभर पुरेल एवढं बी घेता आलं असतं आणि गिरणी पुन्हा पूर्ण चालली असती, असा त्यांचा हिशेब. बँकेनं पाठ फिरवली होती. मोंढ्यातल्या लोकांनी सांगितलं, कागद आम्हाला कळत नाहीत, आम्ही येऊन गिरणी बघतो. आणि सगळ्यांनी बोट दाखवलं तुमच्याकडं. अप्पा म्हणतील तसं. कापडवाले मामा तर गादीवर येऊन बोलून गेले, "अप्पा, तुमचं बोट पोत्यात गेलं की आमचा हात खिशात गेला समजा." तुम्ही हसलात. मीही हसले. गिरणी वाचली तर माझी टेबल-खुर्ची वाचणार होती, आणि ती वाचवायला माझेच वडील येणार होते. मला त्या आठवड्यात किती आनंद झाला होता, ते आज आठवलं की लाज वाटते.

ज्या दिवशी तुम्ही येणार होतात त्या दिवशी सकाळी मी गिरणीवर पोचले तर मुकादम शिडी लावून लातूरच्या थप्प्यांवरून पत्र्याच्या बिल्ल्या काढत होता. मला म्हणाला, "ताई, तुमच्या चिठ्ठ्या आणा. साहेबांनी सांगितलंय, हितं आपल्या चिठ्ठ्या लावायच्या." मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. ते टेबलाशी उभेच होते, दाढी केलेली नव्हती. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं काही बोलू नका. कुणी माल कसा आहे विचारलं तर आहे तसा सांगा. तेवढंच. एक हंगाम मिळाला की मी एवढंच बी स्वतःचं घेऊन दाखवतो." त्यांचा आवाज कापत होता. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. घाबरलेल्या माणसाला नाही म्हणणं मला तेव्हा जमलं नाही. पंच्याहत्तर माणसं होती कामाला, आणि त्यांतल्या निम्म्यांचा पगार थकला होता. मी लॅबमध्ये गेले, लातूरच्या मालाचे नमुने तपासले आणि चिठ्ठ्या लिहिल्या. आकडे अगदी बरोबर लिहिले, अप्पा. आयुष्यात इतक्या काळजीनं मी कधी काही तपासलं नसेल. आकडे खरे असले की बाकीचंही खरं होईल असं काहीतरी डोक्यात होतं.

तुम्ही जीपमधून उतरलात ते मला लॅबच्या खिडकीतून दिसलं. तुम्ही, गुरुजी, कापडवाले मामा आणि शेजारच्या अडतीवरचे काका. स्वच्छ धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि हातात ती टोकदार लोखंडी नळी, जी पोत्यात खुपसून तुम्ही मूठभर माल बाहेर काढायचात. कंपनीचे शेअर घ्यायचे तर माणसं ताळेबंद मागतात, वकील आणतात. तुम्ही नळी घेऊन आलात. यंत्रांकडं तुम्ही पाहुण्याच्या नजरेनं बघितलंत आणि गोदामात शिरल्यावर मात्र तुमची चालच बदलली. आता तुम्ही तुमच्या राज्यात होतात. वरच्या थरातलं पोतं, मधलं, अगदी खालचं. नळी आत, बी तळहातावर, एक दाणा दातांखाली. तुम्ही थप्पीभोवती हळूहळू फिरत होतात आणि मी वहीचा आधार घेऊन भिंतीला टेकून उभी होते. पांढरा कोट होता अंगात. तो कोट घातलेली मला तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. एका थप्पीपाशी तुम्ही थांबलात. पोत्याच्या तोंडावरून अंगठा फिरवलात, नुसताच. साहेब माझ्याकडं बघत होते आणि मी जमिनीकडं. मग तुम्ही वळलात आणि सगळ्यांदेखत मला विचारलंत, "काय माय, माल कसा हाय?"

माल कसा आहे, एवढंच. कुणाचा आहे, ते नाही. मोंढ्यातला माणूस ते विचारतच नाही, कारण मोंढ्यात माल ज्याच्या दारात पडलेला असतो त्याचाच असतो. तो दुसऱ्याचा असू शकतो हे तिथं कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. मी म्हणाले, "चांगला आहे, अप्पा. तेल भरपूर आहे, ओल अगदी कमी." त्यात एक शब्द खोटा नव्हता. गुरुजींनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "अक्षर बी काय मोत्यासारखं हाय पोरीचं." साहेबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

साहेबांनी मला तुमच्याबरोबर घरी जायची सुट्टी दिली. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. लातूरच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी आपला माल न्यायचा होता आणि त्याचा ट्रक मांजरसुंब्याला थांबवून ठेवला होता. तुम्ही बीडकडं निघालात की माणूस जाऊन ट्रक बोलावणार होता. पण त्यांनी कापडवाल्या मामांची भजी विचारात घेतली नव्हती. जीप सुरू झाल्याबरोबर मामा म्हणाले, "इथवर आलोत अन् मांजरसुंब्याची भजी न खाता गेलो तर घरी काय सांगू? मग तसंच कपिलधारला दर्शन घेऊन जाऊ." जीप उलटी वळली. मी मागं बसले होते, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक दगड मला आठवतो, इतक्या वेळा मी मनात म्हणाले की आता टायर फुटू दे.

ट्रक ढाब्यासमोरच उभा होता. ड्रायव्हर बाजेवर आडवा झाला होता. माल उतरवायला तो आधी दोनदा येऊन गेला होता, त्यामुळं मला बघितल्याबरोबर उठून आला. तुम्ही टाकीवर हात धूत होतात, दहा पावलांवर. तो म्हणाला, "ताई, गेले का ते बघाय आलेले पाव्हणे? सकाळधरनं टांगून ठिवलंय मला. गाडी लावू का गोदामाला?" मी कसंबसं म्हणाले, "अजून नाही. थांबा तुम्ही." तो कुरकुरत परत गेला. तुम्ही रुमालानं हात पुसत आलात आणि विचारलंत, "कोण गं?" मी म्हणाले, "गिरणीच्या काट्यावर येत असतो गाडी घेऊन." तुम्ही ट्रककडं एकदा बघितलंत. ट्रकच्या पाठीमागं लातूर लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात, फुलांच्या वेलबुट्टीत. मग भजी आली आणि मामा गुरुजींना चिडवायला लागले की मास्तर, फंडाचे पैसे टाकताय, बायकोला विचारलंत का. गुरुजी म्हणाले, "आरं, तिला विचारलं असतं तर मी हितं आलोच नसतो." सगळे हसले. माझ्या हातातली भजी तशीच गार झाली.

ठरलं तिथंच, त्या बाजेवर. मोंढ्यात भाव जसा ठरतो तसा. तुम्ही उपरणं हातावर टाकलंत आणि त्याच्याखाली एकेकाचा हात घेतलात. कुणी किती टाकायचे ते बोटं दाबून सांगायचं, म्हणजे याचा आकडा त्याला कळत नाही आणि कमी टाकणाऱ्याला ओशाळं व्हावं लागत नाही. काका झाले, मामा झाले. गुरुजींचा हात उपरण्याखाली बराच वेळ होता. तुम्ही एकदा हळूच म्हणालात, "मास्तर, एवढे न्हाई." गुरुजी म्हणाले, "तुमी टाकताय न्हवं? मग राहू द्या." मी सगळं बघत होते. माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं, चार शब्दांचं. ते बी त्यांचं नाही. ट्रक समोर उभा होता, नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी पाणी प्यायले.

चेक तिसऱ्या दिवशी द्यायचे होते. म्हणजे मला तीन दिवस होते. पहिल्या संध्याकाळी तुम्ही पूजेला बसलात, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन, डोळे मिटून. म्हटलं, पूजा झाली की सांगते. पूजा झाली, तुम्ही जेवायला बसलात, आईला म्हणालात, "पोरीचा कोट लई झ्याक दिसतो गं. डाक्टरीणच वाटती." मी भात वाढत होते. भीती कशाची होती ते मी इतक्या वर्षांत अनेकदा तपासून बघितलंय, लॅबमध्ये तपासावं तसं. नोकरी जाण्याची होती, ती होतीच. साहेबांवर पोलीस येतील याची होती. पण सगळ्यात मोठी भीती ही होती की तुम्ही मला विचाराल, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी अंग दुखतंय म्हणून झोपून राहिले आणि तुम्ही चेकबुक घेऊन बाहेर पडलात. जिना उतरताना तुमच्या चपलांचा आवाज येत होता आणि मी पांघरूण तोंडात धरलं होतं.

गिरणी पुढचा उन्हाळा बघू शकली नाही. त्या पैशातून बी थोडं आलं, पगार भागले, बँकेनं आपल्या कर्जापोटी मध्येच हात मारला, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. इंजिनिअरसाहेब गाव सोडून गेले. लोक त्यांना शिव्या द्यायचे, तेव्हा मी गप्प बसायचे. त्यांनी एकट्यानं केलं नव्हतं. कापडवाले मामा सावरले, काकांनीही तोटा भरून काढला. गुरुजी आपल्या गादीवर यायचे थांबले. आजारी आहेत असं तुम्ही सांगायचात, पण मला ते मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्यांच्या दुकानात वर्तमानपत्र वाचताना दिसले होते. तुम्ही मात्र मला एका शब्दानं काही बोलला नाहीत. तुमच्या गप्प बसण्याला मी इतकी घाबरले की लग्नाच्या पहिल्या बऱ्या स्थळाला मी होय म्हणून टाकलं आणि औरंगाबादला निघून आले.

तुम्ही शेवटी माझ्याकडंच आलात, दवाखान्यासाठी. एका दुपारी दवाखान्यात मी तुमचे पाय चेपत होते आणि तुम्ही छताकडं बघत एकदम बोललात, "शिलाई लातूरची व्हती." मला कळेना. मग म्हणालात, "गिरणीतल्या पोत्याची. लातूरचे हमाल तोंड दोनदा दुमडून शिवतेत, आपले एकदा. अंगठा फिरवला तवाच कळलं मला." माझे हात थांबले. मी विचारलं, "मग पैसे कावून टाकले अप्पा?" औरंगाबादेत इतकी वर्षं राहूनही माझ्या तोंडून तेव्हा आपलंच बोलणं निघालं. तुम्ही म्हणालात, "म्हटलं, मालकानं लातूरहून इकत घेतलं असंल. इकत घेतलं का नुसतं ठिवलेलं हाय, ह्येचाच पेच व्हता. मग म्हटलं, ठिवलेलं असतं तर पोरगी बोलली असती की. तू व्हतीस न्हवं तिथं."

मी लहान असताना एका शेतकऱ्याची गरिबी बघून त्याच्या खराब ज्वारीला मी चांगली म्हणाले होते, आणि तुम्ही माझा कान पिरगाळला होतात. माल बघायचा, माणूस बघायचा न्हाई, असं म्हणाला होतात. सबंध आयुष्यात तुम्ही तो नियम एकदाच मोडलात. अंगठ्याला कळलेलं तुम्ही बाजूला ठेवलंत आणि माझ्याकडं बघितलंत. दवाखान्यात हे ऐकून मी रडायला हवं होतं, पाय धरून सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मला कुठं कळत होतं अप्पा तेव्हा." तुम्ही मान हलवलीत, "व्हय, लहान व्हतीस." चोवीस वर्षांची होते मी. तुम्ही मला माफ केलंत ते खोट्या कारणासाठी. त्यानंतर आठवड्यानं तुम्ही गेलात.

आता राहिलेलं एक. वर ढाब्याचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. दोनदा पेन तिथं अडलं आणि दोनदा मी पुढं गेले. बाकी सगळे पान खायला रस्त्यापलीकडं गेले होते. बाजेवर तुम्ही आणि मी. तुम्ही विचारलंत, "कामावरल्या लोकांना बी ह्ये शेअर देणार हायत म्हणं. तू घेतलेस का माय?" मी म्हणाले, घेतले. "किती?" असं म्हणून तुम्ही उपरण्याखाली तुमचा हात माझ्यापुढं केलात. मोंढ्यात कुठल्या मुलीपुढं कुणी असा हात केलेला मी ऐकला नाही. तुमचा तळवा गरम होता, आणि तुम्ही जरासे हसत होतात. मी तुमची दोन बोटं दाबली. दोन महिन्यांचा पगार. तुम्ही म्हणालात, "बास. मग इचारच न्हाई." आणि उठून त्यांना हाक मारलीत, आणि मग तिघांचे हात घेतलेत.

मी फॉर्म घेतलाच नव्हता, अप्पा. साहेबांनी आदल्या आठवड्यात सगळ्यांना वाटले, तेव्हाच मी नको म्हणाले होते, कारण गिरणी चालणार नाही हे लॅबमध्ये बसून मला तेव्हाच दिसत होतं. हे खरं तर गुरुजींच्या मुलीला सांगायला हवं. तिचा फोन नंबर लिहून घेतलाय, समोर आहे. तुम्हाला लिहायला बसले ते एवढ्यासाठीच की तुम्ही परत काही विचारणार नाही.